तळ्याकाठची सरळ रेघ

नकाशा कार्यालयात तिला सगळे रेघाताई म्हणत. सर्व्हेअर मंडळी डोंगर-जंगल पालथं घालून कच्चे नकाशे आणत आणि ती खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर बसून त्यांवर पक्की शाई चढवी. एकोणीस वर्षांत तिने शेकडो डोंगर काढले, पण चढली एकही नव्हती. घरी अंथरुणाला खिळलेले वडील. त्यांना सोडून जाणार कुठे?

डोंगरातल्या तळ्याचा नकाशा आला तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

"हा ओढा तळ्याला मिळतो तिथे सारख्या उंचीची रेघ सरळ कशी?" तिने नकाशा आणणाऱ्या सर्व्हेअरला विचारलं. "ओढ्यापाशी ती वरच्या अंगाला वळायला हवी."

तो चाळिशी उलटलेला, अबोल माणूस. कानशील खाजवत म्हणाला, "पाय मुरगळला होता हो. झाडीही दाट. तेवढा तुकडा अंदाजाने ओढला. परत जाऊन मोजतो."

"मी येऊ?"

बोलून गेली आणि तीच चपापली.

वडील म्हणाले, "जा की! मी काय पळून जाणार आहे?" चार दिवसांसाठी धाकटी बहीण येऊन राहिली.

चढताना रेघाताईचा जीव मेटाकुटीला आला. "एवढ्या चढाच्या पाच रेघा मी चहा निवायच्या आत काढल्या होत्या," ती धापा टाकत म्हणाली. तो हसला आणि तिची पिशवी त्याने आपल्या खांद्यावर घेतली. ओढ्याच्या मुखाशी ती मोजपट्टी धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तो दुर्बिणीतून आकडे वाचत गेला. तळ्याचं पाणी नकाशातल्या त्या सरळ रेघेच्या पुढे, झाडांखाली चांगलं चाळीस पावलं आत शिरलं होतं. हिरवं, नितळ. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. त्यानेही घाई केली नाही.

नकाशा दुरुस्त होऊन छापला गेला. सर्व्हेअर मात्र संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून तिच्या घरी येऊ लागला. वडिलांशी पत्ते खेळे आणि सपाटून हरे. वर्षभराने दोघांनी लग्न केलं. वडिलांना हलवणं शक्य नव्हतं, म्हणून तोच राहायला आला. ऑफिसात 'घरजावई' म्हणून थट्टा झाली.

"खोली मोजून घेतलीय," तो म्हणाला, "मावतो मी."

वडील आणखी सात वर्षं जगले. त्यांना आंघोळ घालणं, कुशीवर वळवणं हे सगळं जावईच करी.

"पोरीने उशीर केला," ते शेजाऱ्यांना सांगत, "पण पारखून आणला."