माजघरातला उजेड

आबांना, माझ्या वडिलांना, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, तेव्हा लोकांनी आमचं अभिनंदन करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ‘लवकर सापडला, नशीब समजा.’ वर्षानुवर्षं पित्ताचा त्रास होता म्हणून रत्नागिरीत दुर्बिणीतून तपासणी केली, त्यात हे कळलं. आता एवढ्या नशीबवान माणसाचं ऑपरेशन करून मोकळं व्हायचं, तर हृदयाच्या डॉक्टरांनी हात वर केले. आबांचं हृदय आधीच थकलेलं, एवढी मोठी शस्त्रक्रिया ते सोसणार नाही म्हणाले. तेव्हापासून नशीब हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी मग उजेडाचा उपचार सांगितला. शिरेतून एक औषध द्यायचं, ते अंगभर पसरतं पण रोगट जागी जास्त टिकून राहतं. दोनेक दिवसांनी दुर्बिणीतून घशाखाली लाल उजेड सोडायचा, की ते औषध तिथल्या तिथे जागं होतं आणि रोगाला मारतं. आबांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांना हे इतकं आवडलं की त्यांच्या प्रश्नांनी बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, “सर, एकच सांभाळा. औषध कातडीतही राहतं. महिनाभर तरी ऊन अंगावर पडता कामा नये, खिडकीतलंसुद्धा नाही. घरातला साधा दिवा चालेल. तो असूच द्या, त्याने कातडीतलं औषध हळूहळू उतरतं. अगदी काळोखात कोंडू नका.”

माझ्या भावाने, दादाने, महिनाभर आपल्याकडेच राहा म्हणून परोपरीने सांगितलं. त्याची मुंबईतली जागा अशी की भर दुपारी दिवा लावावा लागतो. पण आबा ऐकतील तर शपथ. मुंबईला ते कधी दोन रात्रींच्या वर टिकलेले नाहीत. उजेड देऊन झाल्यावर छातीत इतकं दुखत होतं की थुंकी गिळतानाही डोळे मिटायचे, आणि तरी हट्ट घरचाच. खरं सांगायचं तर मलाही ते घरीच हवे होते. अंधार पडल्यावर गाडी केली, त्यांना टोपी, हातमोजे, काळा गॉगल चढवला. आई म्हणाली, “वाटेत पोलिसांनी अडवलं तर मी तुम्हाला ओळखत नाही हां.” उजाडायच्या आत आम्ही घरी पोचलो.

आमचं घर राजापूरच्या वाटेवर, कौलारू. आईने आणि मी मिळून पडवीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. आबांची खाट माजघरात आणली, कारण माजघराला खिडकीच नाही. कोपऱ्यात एक बारीक दिवा लावून ठेवला. दोघी स्वतःवर अगदी खूश होतो.

माजघरावर एक काचेचं कौल आहे. आमच्याकडे घरोघरी असतं, बाईमाणसाला दिवसा दिवा न लावता काम करता यावं म्हणून. जन्मल्यापासून त्याच्याखाली वावरलेलं माणूस त्याच्याकडे बघत नाही. आम्हीही बघितलं नाही. दुपारी मी वाटीतून पेज घेऊन आले, तर आबा औषधाच्या गुंगीत झोपलेले, हात छातीवर, आणि त्या दोन्ही हातांवर पांढरा लख्ख कवडसा पडलेला. थोडा गालावर. किती वेळ पडला होता देव जाणे. मी पेज तिथेच ठेवून खाट ओढली.

संध्याकाळपर्यंत हात सुजून लाल झाले, मग फोड आले. आईला ते पटेचना. “घरात निजलेल्या माणसाला ऊन लागतं का गो कधी?” ती मलाच रागाने विचारत राहिली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मलमं सांगितली, गार पट्ट्या सांगितल्या, आणि हळूहळू बरं होईल म्हणाले. शेजारचा एक जण वर चढून त्या कौलावर ताडपत्री टाकून आला. आबांनी मात्र मलाच समजावलं. “विज्ञानाचा मास्तर मी, मला दिसलं नाही, तर तुला कुठून दिसणार?”

पुढचे दिवस मला आठवतात ते चमच्याचे. त्यांना वाटी धरता येत नव्हती म्हणून मी भरवायची. आतून घसा जळतोय, बाहेरून हात, आणि मी आपली पेज फुंकर मारून निववतेय. प्रत्येक घोटाला त्यांचे खांदे वर यायचे. आत जिथे हवा होता तिथे तो उजेड पुरेसा पोचला की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. नको तिथे मात्र बरोबर पोचला होता. मला रडूसुद्धा येत नव्हतं, नुसती चीड यायची, आणि ती काढायची कुणावर तेही कळत नव्हतं.

महिना सरला. हातांवर काळे डाग राहिले, पण घसा मोकळा झाला. आबा मऊ भात खायला लागले, मग एक दिवस माशाचं सार मागितलं. मला वाटलं, गेला रोग. आईने तर नवसही बोलून ठेवला.

पुढच्या तपासणीला आम्ही मुंबईला गेलो, दादाही दवाखान्यात आला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. बराच भाग साफ झाला होता, पण खालच्या कडेला एक चट्टा उरला होता. पुन्हा एकदा तेच करावं लागेल, म्हणाले. दुसरा काही मार्ग आहे का, मी विचारलं. “या हृदयाला नाही,” ते म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर मीच बोलत सुटले. या वेळी सगळं आधीच नीट बघू, काही राहू देणार नाही, आबा, घरी गेलं की मी रजाच घेते. आबांनी ऐकून घेतलं. मग ते दादाकडे वळले.

“महिनाभर मला तुझ्याकडे ठेव.”

दादा माझ्याकडे बघायला लागला. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “मला घरी नको नेऊस गो. भीती वाटते.”

मी बरं म्हटलं.