पॉइंट पंचवीस मोठा की पॉइंट तीन?

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जन्मभर चौथी-पाचवीच्या पोरांना गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात शिकवायला उरलं कोण? नवरा आधीच गेलेला, मुलगी दूरच्या शहरात नोकरीत बुडालेली. तिचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, की झालं. मग बाई खाली माझ्याकडे यायच्या आणि तेवढंच बोलणं तिखटमीठ लावून अर्धा तास सांगायच्या. मी शिवणकाम करते. मशीन चालू ठेवून 'हो का? अरे वा!' म्हणणं मला छान जमतं.

एके दिवशी नात दशांश अपूर्णांकांत अडकली आणि बाईंचं नशीब उघडलं. मुलीनेच फोन केला. "आई, माझ्याने हे होत नाही. मी ओरडते, ती रडते. तूच शिकव बाई." तेव्हापासून रोज संध्याकाळी नातीचा फोन यायला लागला, तोही चेहरा दिसणारा. बाई दुपारपासूनच केस विंचरून तयार!

फोन धरायला मी, कारण बाईंचे दोन्ही हात कामात. त्यांची शिकवायची रीत ठरलेली होती. कागदाची एक लांब पट्टी म्हणजे एक. तिचे दहा सारखे तुकडे केले की एकेक तुकडा दशांश. त्यातल्या एकाचे पुन्हा दहा केले की ते शतांश. या कापाकापीला माझी कात्री लागायची. कापडाची कात्री कागदाला लावली की धारेचे बारा वाजतात. दुसऱ्या कुणी मागितली असती तर मी दारातूनच परत पाठवलं असतं. बाईंना दिली, अर्थात कुरकुरत.

वर्गात एका दुपारी उरकणारा हा धडा बाईंनी दोन आठवडे चघळला. आधी पट्टी मापायची, मग घडी घालायची, घडी चुकली म्हणून नवी पट्टी घ्यायची. मध्येच नातीचा दात कधी पडला, तिच्या बाकावर कोण बसतं, ती कुणाशी भांडली. शतांश जवळ आले रे आले की, "आज एवढं पुरे, उद्या बघू."

मला राहवेना. "बाई, उसवून पुन्हा शिवायचं काम मीही करते, पण गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना नाही."

"तुम्हाला काय कळतंय गणितातलं?" त्या फणकारल्या. मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "तिला आलं की फोन बंद होईल हो."

मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी नात फोनवर आली ती रडतच. "आजी, उद्या परीक्षा आहे. आज मी फळ्यावर लिहिलं की पॉइंट पंचवीस मोठा आणि पॉइंट तीन लहान. पंचवीस मोठे असतात ना गं तीनपेक्षा? सगळी हसली मला. मी ढ आहे का?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कात्री उचलली.

"कोण म्हणतं ढ? आधी डोळे पूस." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, हा वर्गातला असावा. कात्री सरसर चालली. "हे बघ, तीन दशांश." तीन तुकडे त्यांनी एकापुढे एक मांडले. "आता पंचवीस शतांश. म्हणजे बारीक तुकडे किती?"

"पंचवीस."

"दहा बारीक मिळून एक मोठा होतो. मग?"

नातीने बोटांवर मोजलं. "दोन मोठे... आणि पाच बारीक."

तेही बाईंनी पहिल्या रांगेखाली मांडले. "कुणाची रांग लांब?"

ती बघत राहिली. माझा हात भरून आला होता, पण मी फोन हलू दिला नाही.

"तीनची! आजी, बारीक तुकडे पुष्कळ असले तरी बारीकच ना! मग पॉइंट तीस म्हणजे पॉइंट तीनच की!"

हे शेवटचं तर बाईंनी तिला सांगितलंही नव्हतं. "शाब्बास गं पोरी!" त्या जवळजवळ ओरडल्याच.

"आई, मला आलं!" नात आत बघून किंचाळली. "उद्यापासून आजीला फोन नको, मी खेळायला जाणार!" आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी मी हातातलं काम टाकून त्याच वेळी वर गेले. बाई टेबलाशी बसल्या होत्या.

"पेपर चांगला गेला म्हणे. मुलीचा निरोप आला," त्या म्हणाल्या. मी चहा केला. तो पिऊन झाला, कप धुऊन झाले, तरी मी खाली गेले नाही.

"पुढे शेकडेवारी येते," बाई म्हणाल्या. "त्यात अडकेल का हो ती?"

"अडकेल की. सगळीच अडकतात."

बाईंनी मान हलवली. "नाही अडकायची. फार हुशार आहे हो ती."