कनिंग म्हणजे हुशार

माझे वडील कड्याच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून होते. मॅट्रिकला पहिल्या खेपेला ते इंग्रजीत नापास झाले, दुसऱ्या खेपेला काठावर पास झाले, आणि तेव्हापासून त्यांनी इंग्रजीचा जो पिच्छा पुरवला तो निवृत्तीनंतरही सोडला नाही. एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आरशाखाली उघडा ठेवून ते रोज दाढी करता करता एक शब्द पाठ करायचे, आणि त्याच अर्थाचे आणखी दोन-तीन जोडीला. "एक इसरला तर दुसरा हाताशी पायजे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आई चिडली की बाबा तिला एका दमात अँग्री, फ्युरियस आणि इंडिग्नंट म्हणून मोकळे व्हायचे. आई म्हणायची, "आदी कानाचा साबन पुसा."

मी इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. केलं आणि पाटोद्याच्या एका शाळेत तोच विषय शिकवू लागले. दिवसभर पोरांच्या चुका काढणारी मी बाबांची एकही चूक कधी काढली नाही. ते इतक्या आनंदानं बोलायचे की मधे तोंड घालवत नसे.

मग लिंबागणेशचं एक स्थळ आलं. मुलगा कृषी सहायक, निर्व्यसनी, बोलायला मोजका. बघायचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडून पसंती आली आणि आमच्या दारात मांडव टाकून साखरपुडा ठरला. बुद्धवंदना झाली, अंगठ्या घालून झाल्या, चहा फिरू लागला. तेवढ्यात कुणीतरी बाबांना म्हणालं, "दोन शब्द बोला की."

बाबा आठवडाभर याचीच वाट पाहत होते. मराठीत त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं, घसा साफ केला आणि इंग्रजीवर आले. "माय सन-इन-लॉ इज व्हेरी कनिंग बॉय," ते म्हणाले. मग कुणी राहून जायला नको म्हणून पुढे, "होल फॅमिली इज कनिंग."

मांडवानं टाळ्या वाजवल्या. मी मात्र आधी समोर पाहिलं, कारण तिथे मुलाची आत्या बसली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि तिनं तीस वर्षं इंग्रजीच शिकवलेलं. टाळी न वाजवता तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"व्याही," ती अगदी शांतपणे म्हणाली, "कनिंग म्हंजी काय म्हनायचंय तुमाला?"

"हुशार," बाबा खुशीत म्हणाले. "क्लेव्हर, श्रूड, कनिंग. समदे एकच."

"एकच न्हाईत. तुमच्या पोरीला इचारा."

सगळा मांडव माझ्याकडे बघू लागला. खरं बोलावं तर बाबांचा पाणउतारा, खोटं बोलावं तर ज्या घरात जायचं तिथल्या बाईंसमोर आपलीच नोकरी संशयात. मी म्हणाले, "शब्दकोशात बघूया का?" हा भित्रेपणा होता, हे तेव्हाही कळत होतं.

शब्दकोश आला. आत्यानं चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "कुशल, चतुर." बाबांची मान ताठ झाली. "फुडं ऐका. धूर्त, कावेबाज, लबाड."

बाबांनी शब्द नेहमी पहिल्या अर्थापुरताच पाठ केला होता. तोवर दाढी उरकायची ना. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, माझ्या मनात तसलं काई नव्हतं."

"ते कळलं मला," आत्या म्हणाली. मग तिनं सहज भाच्याकडे पाहिलं. "कावून रे, तू कावून खाली बघायला?"

तो खरंच खाली बघत होता. कान लाल झालेले. "आत्या, ते बरोबर बोलले," तो म्हणाला. "बघायच्या कार्यक्रमाआदी मी एकदा हिच्या शाळेत जाऊन आलतो. मास्कचे दिवस होते, कुनी वळखलं न्हाई. पाचवीच्या ॲडमिशनची चौकशी करायची म्हनलं."

"कुनाची ॲडमिशन?"

"ताईच्या पोरीची."

ताईची पोर त्या वेळी ताईच्या मांडीवर बसून बिस्किट चोखत होती.

मला तो पालक लख्ख आठवला. मास्कवर चष्मा, हातात हेल्मेट. व्याकरण वेगळं शिकवता का, असं त्यानं विचारलं होतं, आणि असा चौकस पालक क्वचित मिळतो म्हणून मी अर्धा तास इंग्रजीतले काळ समजावून सांगितले होते. वर, मुलीला एकदा घेऊन या, मी बोलते तिच्याशी, असंही म्हणाले होते. राग यायला हवा होता, आलाही थोडा. पण हसू आधी आलं.

"तुम्ही फॉर्मसुद्धा भरून दिला होता," मी म्हणाले.

"मोबाईल नंबर चुकीचा टाकलता," तो म्हणाला.

आत्या बाबांकडे वळली. "व्याही, तुमचा शब्द बसला बरं का. पर फकस्त ह्याच्यापुरता. होल फॅमिली मागं घ्या."

बाबांनी ते उभं राहून, इंग्रजीतच मागं घेतलं. यावेळच्या टाळ्यांत आत्याची टाळी सगळ्यात मोठी होती.

लग्नाला आता काही वर्षं झाली. बाबा अजूनही रोज शब्द पाठ करतात, पण शंका आली की मला नाही, थेट आत्याला फोन लावतात. मला याचं थोडं वाईट वाटतं. आत्याला मात्र त्या फोनची इतकी सवय झालीय की दोन दिवस आला नाही तर ती मला विचारते, "व्याही बरे हायेत ना?"

परवा गावात एका पुढाऱ्याच्या सत्काराचा फलक लागायचा होता आणि मजकूर इंग्रजीत लिहून द्यायचं काम बाबांकडे आलं. मी माहेरी होते. बाबांनी आत्याला स्पीकरवर फोन लावला. "बाई, फेमस आन् नोटोरियस ह्यात फरक काय?"

"आदी मानूस कोन ते सांगा," आत्या म्हणाली.

बाबांनी नाव सांगितलं. मग आत्या म्हणाली, "मराठीत ल्हिवा."

बाबांनी फलकावर 'सर्वांच्या परिचयाचे' असं लिहून दिलं.