बसूच्या फोटोखाली वजनावरून भांडू नका

माझा दीर पाण्यावाचून मेला.

घरात नळाला पाणी होतं. माठ भरलेला होता. वजन बसावं म्हणून तो प्यायला नाही.

आज तिथीनं वर्ष झालं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी गेला बसू.

सकाळी त्याच्या क्लबच्या पोरांनी फोटो टाकला. हातात ग्लोव्हज, तोंडभर हसू. पूजा आटोपून मी मोबाइल उघडला.

खाली त्रेचाळीस कमेंट. पहिल्या चार-पाच श्रद्धांजलीच्या.

पुढं सगळा वाद. कुठल्या वजनाची बॉक्सिंग सगळ्यात भारी!

एक म्हणतो, हेवीवेट, एका ठोशात निकाल. दुसरा म्हणतो, एक्कावन्न किलो, नुसती वीज. तिसऱ्यानं हसणारे चेहरे टाकलेत.

मेलेल्या पोराच्या फोटोखाली!

लाज कुठं ठेवली रे तुम्ही?

मी दहावी पास बाई. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. पण हा वाद माझ्याच घरात सुरू झाला होता, म्हणून आज लिहिते.

माझं लग्न झालं तेव्हा बसू चौथीत होता. सासूबाई नव्हत्या. त्याला जेवायला वाढायची मीच, आणि रागवायचीही मीच.

शिवरात्रीच्या महिनाभर आधी क्लबचे सर आणि तीन पोरं घरी आली होती. मी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं ठेवलं. खाता खाता हेच सुरू.

"हेवीवेट म्हंजे काय हो सर, दोन म्हशी डबक्यात. बगत बसायचं नुसतं."

"आरं, पण एक बसला की खल्लास की!"

"एक्कावन्नचं बग. पापणी लवायच्या आत तीन ठोसे. लई मजा."

सर म्हणाले, "बसू, सत्तावन्न किलोला तुझ्यासारखी ढीगभर हायत. एक्कावन्नला आपल्याकडं कोण न्हाई. उतर खाली. सिलेक्शन पक्कं."

मग एकानं मलाच विचारलं, "वहिनी, तुमाला कुठलं वजन आवडतं?"

मला काय कळतंय त्यातलं. मी म्हणाले, "हलकंच बरं की. मार तरी कमी लागंल."

सगळे हसले. बसू म्हणाला, "झालं सर. वहिनीनं सांगितलं म्हंजे एक्कावन्न."

म्हणजे त्या वादात माझंही मत आहे. ते मी लपवत नाही.

सत्तावन्नातून सहा किलो काढायचे म्हणजे काय काढायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी घरात किती ज्वारी आली, किती लागली, सगळं वहीत मांडते. त्या महिन्यात ज्वारी उरली.

मला वाटलं, देवानं बरकत दिली. मी डब्याला हात लावून नमस्कार केला!

भर उन्हात दोन चादरी गुंडाळून तो गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायचा. मी ओरडायचे, "बसू, चादरी घामानं कुजतील रे!"

चादरींची काळजी केली मी.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी डोकं भादरून आला. जन्मात कधी देवळात नीट उभा न राहिलेला पोरगा.

"नवस बोलला होतास व्हय रे?"

"तसंच समज की वहिनी."

केसांचं वजन कमी करून आला होता तो.

आणि शिवरात्रीला म्हणाला, "वहिनी, आज मी पण निर्जळी धरतो."

तुम्हाला सांगते, माझे डोळे भरून आले. मी दरवर्षी निर्जळी करते. आमच्या ह्यांना सांगितलं, "बघा, बसूला देवानं बुद्धी दिली."

दुपारी मोरीत एकसारखा थुंकत होता. मी म्हणाले, "आजच्या दिवशी तरी असं करू नये." तो ओठ हलवत पुन्हा मोरीवर वाकला. ओठ फुटले होते. मला वाटलं, जप चाललाय. अंगातलं उरलंसुरलं पाणी थुंकून काढत होता तो.

संध्याकाळी माठापाशी जाऊन नुसता उभा राहिला. माठावरच्या ग्लासला हात लावला.

मी म्हणाले, "थोडक्यासाठी उपास मोडू नको राजा. सकाळी पारणं करू."

त्यानं हात काढून घेतला.

हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनाही नाही.

सकाळी निघताना म्हणाला, "सिलेक्शनचं वजन देऊन येतो. आल्यावर पारणं." मी त्याचं ताट झाकून ठेवलं. तो येईपर्यंत मीही पाण्याला शिवले नव्हते.

वजनकाट्यावर बरोबर एक्कावन्न भरला म्हणे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काट्यावरून खाली उतरला आणि भिंतीला टेकून बसला, तो पुन्हा उठला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच राहिलं नव्हतं.

रिंगमध्ये पाऊलसुद्धा न टाकता गेला माझा बसू. एकही ठोसा न खाता.

सर, तुम्ही तेराव्याला आलात. म्हणालात, "नशीब, वहिनी."

नशीब नव्हे सर. महिनाभर उपाशी ठेवलंत त्याला. मी बाई अडाणी, मला उपास वाटला. तुम्ही रोज त्याला काट्यावर उभं करत होतात. तुम्हाला काय वाटलं?

आणि त्या फोटोखाली पहिली कमेंट तुमचीच आहे. "एक्कावन्नचा वाघ." काढा ती. आज काढा.

पोरांनो, तुमचा वादही मिटवून टाकते.

सगळ्यात भारी वजन सत्तावन्न किलो.

त्या वजनात माझा बसू तीन भाकऱ्या खायचा, आणि चौथी माझ्या ताटातली उचलून गच्चीवर पळायचा.

काल शिवरात्र झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी निर्जळी केली नाही. देवाला सांगून पाणी प्यायले. त्याला कळेल.

बसू, तुझ्या फोटोपुढं तांब्या भरून ठेवलाय. आज कुणी अडवणार नाही. पी बाळा.

तुझा हात माठावरून काढायला लावणारी,
तुझी वहिनी