गॅस्केट शाबूत

आमच्या भागात गाड्या दुरुस्त करणारे पाच जण आहेत. त्यातले चौघे बॉनेट उघडायच्या आधीच रोग सांगतात. पाचवा बॉनेट उघडून ठेवतो आणि लांब जाऊन बसतो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय तो हात लावत नाही. तोवर गाडीचा मालक तापतो. म्हणून लोकांनी त्याचं नाव थंडोबा ठेवलं आहे. त्याला ते माहीत आहे. "तापट म्हणण्यापेक्षा बरं," एवढंच त्याचं मत.

मला हा माणूस सुरुवातीला मुळीच आवडला नाही. तो खरं बोलतो अशी त्याची ख्याती होती, आणि त्या आठवड्यात मला खरं बोलणारा मेकॅनिक नको होता.

माझ्या लेकीने दीड वर्षापूर्वी पंख्याखालची नोकरी सोडून एक जुनी पिकअप घेतली. गाडी तिच्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान. शहरातल्या शहरात ती लोकांची कपाटं, फ्रिज, दुकानांच्या पाट्या पोचवते. शहराबाहेर जायचं नाही आणि चाळीसच्या वर वेग न्यायचा नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. ती पाळायचीही. आईशी वाद घालण्यापेक्षा चाळीसने जाणं तिला सोपं वाटत असावं.

मग एका रोपवाटिकेच्या मालकिणीने तिला कायमचं काम देऊ केलं. दर शनिवारी घाट चढून पलीकडच्या गावी रोपं पोचवायची, वर्षभर. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. लेक आनंदाने नाचत होती आणि मी घाटातली वळणं मोजत होते.

नेमकी तेव्हाच गाडी आजारी पडली. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर. ऑइलच्या झाकणाला आतून लोण्यासारखा पिवळट थर. रेडिएटरमधलं पाणी रोज कमी, हे तर मीच तिला सांगितलं होतं. नाक्यावरच्या मेकॅनिकने लांबूनच निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलं." म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला जो पातळ थर पाणी, ऑइल आणि आग यांना एकमेकांच्या घरात शिरू देत नाही, तो फाटला. अख्खं इंजिन उघडावं लागणार, दोन आठवडे तरी जाणार. लेकीचा चेहरा उतरला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात नाक्यावरच्याला दुवा दिला.

पण पोरगी माझ्यावर गेलेली. "दुसऱ्याला दाखवू. थंडोबाला," म्हणाली.

शुक्रवारी दुपारी ती गाडी घेऊन निघायच्या आधीच मी रिक्षाने थंडोबाच्या शेडमध्ये पोचले. पत्र्याची शेड, पण जमीन स्वयंपाकघरासारखी झाडलेली. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आणि प्रत्येक पाना आपापल्या आकृतीत. साठीचा, काटकुळा माणूस चिंधीने हात पुसत होता.

"बसा ताई."

"माझी मुलगी येतेय. हेड गॅस्केट गेलंय."

"मुलीचं?"

"पिकअपचं."

"कोण म्हणतं?"

"नाक्यावरचा."

"मग तो करेल की दुरुस्त. माझ्याकडे काय काम?"

मी म्हटलं, "तुम्हीही तसंच सांगावं, एवढंच काम."

त्याने हसावं किंवा चिडावं अशी माझी अपेक्षा होती. त्याने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक जुनं गॅस्केट टांगलेलं होतं, चार मोठी भोकं असलेलं, कुठेही न फाटलेलं.

तरुणपणी तो एका मालवाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होता. एका ट्रकचं पाणी कमी होत होतं. साहेब म्हणाले गॅस्केट, यानेही मान डोलावली आणि इंजिन उघडलं. तीन दिवस ट्रक उभा. आत गॅस्केट धडधाकट, आणि पाण्याची एक नळी बोटभर चिरलेली. त्या तीन दिवसांत माल नासला आणि ड्रायव्हरची नोकरी गेली. ड्रायव्हर याचा मेहुणा होता.

"आता बोलतात का तुमच्याशी?"

"दर रविवारी जेवायला येतो. गाडी मात्र नाक्यावर दाखवतो."

तेवढ्यात बाहेर पिकअपचा आवाज आला. थंडोबा उठता उठता म्हणाला, "गेलं असेल तर गेलं म्हणेन. नसेल तर तेही म्हणेन. तुम्ही हवं तर देव पाण्यात ठेवा."

लेकीने मला तिथे पाहून भुवया उंचावल्या. "रिक्षाने? माझ्या मागे?"

"पुढे," मी म्हटलं.

बॉनेट उघडलं आणि आम्ही तिघं एका जुन्या गाडीच्या सीटवर दोन तास बसलो. थंडोबाने त्या वेळात दोनच वाक्यं उच्चारली आणि त्यातलं एक मांजराला उद्देशून होतं.

मग तो कामाला लागला. ऑइल मोजायची पट्टी ओढून पुसली, पुन्हा बुडवली, उजेडात धरली. काळंभोर ऑइल, लोण्याचा मागमूस नाही. मग रेडिएटरचं झाकण काढून त्या तोंडावर भांडी घासायचा रबरी हातमोजा घट्ट बांधला.

"काका, हे काय?" लेकीने विचारलं.

"आतली आग पाण्यात शिरत असेल तर चालू केल्याबरोबर हात फुगून उभा राहील. कर चालू."

तिने इंजिन चालू केलं. निळा हातमोजा थरथरला. मी श्वास रोखून बघत होते; एखाद्या हाताने वर व्हावं असं मला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं. पाच मिनिटं झाली. बोटं रेडिएटरवर लोळत पडली होती. मग त्याने चारही सिलिंडरचा दाब मोजला. आकडे जुळ्या भावंडांसारखे.

"रोज किती चालते गाडी?" त्याने विचारलं.

"पाच-सहा किलोमीटर. थांबत थांबत."

"लांब कधी?"

"कधीच नाही. आईला शब्द दिलाय. चाळीसच्या वरही नाही."

थंडोबाने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला पाहण्याहून जास्त लागलं. "म्हणून झाकणाला लोणी," तो म्हणाला. "इंजिन नीट तापतच नाही. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि वर चिकटतं. सकाळचा धूरही वाफच."

"आणि पाणी कमी होतं ते?"

"तू घालतेस?"

"मी तर महिन्यातून एकदा बघते."

"मग रोज कोण घालतं? झाकणाचं रबर उघडून उघडून झिजलंय. या नळीखाली बघ, ओघळ."

लेक माझ्याकडे वळली. मांजरसुद्धा माझ्याकडे बघत होतं.

"मी घालते," मी म्हटलं. "सकाळी, ती उठायच्या आत."

"काठोकाठ?"

"थोडं वरच."

"तापलं की पाणी फुगतं, जास्तीचं बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कमी दिसतं, तुम्ही परत भरता. आता आत इंजिन गार ठेवणारं कूलंट नावाला, सगळं नळाचं पाणी. आज काढून नवं भरतो."

लेकीने कपाळाला हात लावला. "माझ्या डब्याचंही हेच करते, काका. झाकण लागत नाही."

"मग आता उपाय काय?" मी विचारलं. बी.एस्सी.पर्यंत शिकूनही पाणी तापलं की फुगतं हे दुसऱ्याकडून ऐकावं लागलेल्या बाईच्या आवाजात विचारलं.

"नवं झाकण, ताजं ऑइल. आणि आठवड्यातून एकदा लांब पल्ला. इंजिनावर जरा जोर आला पाहिजे. चढ असेल तर फारच छान."

"सपाट रस्ता नाही चालणार?"

"चालेल. शंभर किलोमीटर तरी."

"साठ?"

"ताई, औषध आहे. भाजी नाही."

लेकीने तोवर फोन लावला होता. "हो, हो, नक्की. उद्यापासूनच," ती रोपवाटिकेच्या मालकिणीला सांगत होती. तिचा आवाज दीड वर्षात मी ऐकला नव्हता इतका मोकळा होता.

मी थंडोबाजवळ सरकले. "ब्रेक बघता का जरा?"

"मघाशी बघितले. चांगले आहेत."

"परत बघा."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, जॅक घेतला, गाडी उचलली आणि एकेक चाक काढायला लागला. "पुढचं डावं, चांगलं," तो प्रत्येक वेळी मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणत होता. "पुढचं उजवं, चांगलं." चारही चाकं झाल्यावर त्याने विचारलं, "स्टेपनीही दाखवू?"

"दाखवा," मी म्हटलं.