एक काना कमी

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि माझं म्हणणं सहसा बरोबर असतं. गर्वानं नाही सांगत. घरात सगळे मान्य करतात म्हणून सांगते. न करून जातात कुठे!

त्यामुळे मुलीनं बी.ए. झाल्यावर जेवताना जाहीर केलं की तिला पाली भाषेत एम.ए. करायचंय, आणि तेही श्रीलंकेतल्या विद्यापीठात, तेव्हा माझं उत्तर तयारच होतं. "काही गरज नाही."

"अगं, पण ऐकून तरी घे."

"पाली आपल्याकडे शिकवत नाहीत का? बी.एड. कर, शाळेत लाग. पाली काय, घरी बसून वाच हवी तेवढी."

कॉलेज करता करता दोन वर्षं तिनं मोबाइलवर पालीचा वर्ग केला होता. मला वाटलं होतं, छंद आहे, बरंच आहे. छंद समुद्र ओलांडून जाईल हे कुठं ठाऊक! नातेवाइकांना कळल्यावर तर एकेक फोन सुरू झाले. पोरगी भिक्खुणी व्हायला चालली का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न.

नवरा मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूनं. तो एमआयडीसीत ऑपरेटर आहे. शिफ्टवरून आला की चहा घेता घेता तोच विषय. "जाऊ दे गो तिला. श्रीलंका काय लांब हाय? हायवेनं मुंबईला पोचायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात इमान कोलंबोला टेकतंय."

"आणि आजारी पडली तर? भाषा येत नाही, माणूस नाही ओळखीचं."

"तिथं काय माणसं नाय राहत?"

खर्चाचं म्हणाल तर जमण्यासारखं होतं, अडत होतं ते माझ्यापाशी. मी दोघांनाही ठणकावून सांगितलं, "मला कुणी महाड-पोलादपूरच्या बाहेर शिकायला पाठवलं नाही. माझं काय अडलं?" यावर दोघांनीही विषय सोडला. मला वाटलं, जिंकले.

तरी तिनं अर्ज केलाच. मुलाखत मोबाइलवर होती, रविवारी सकाळी. खिडकीजवळ रेंज येते म्हणून ती तिथं खुर्ची टाकून बसली. मी स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत होते आणि कान बाहेर. पलीकडून एक वयस्कर प्राध्यापक सावकाश इंग्रजीत विचारत होते. शेवटी त्यांनी तिला पंचशील म्हणायला सांगितलं. मी निश्चिंत झाले. पंचशील तिला मीच शिकवलेलं, बोलायला लागली तेव्हापासून. आमच्या वस्तीच्या विहारात वंदना मी सांगते आणि लोक मागून म्हणतात, इतकी वर्षं.

आणि दुसऱ्याच शीलाला बाई चुकली. मी सांगते 'अदिन्नदाना वेरमणी'. ही म्हणाली 'अदिन्नादाना'. मी कपाळाला हात लावला. फोन बंद होताच बाहेर येऊन तोंड सोडलं. "एवढ्या मोठ्या माणसासमोर साधं पंचशील नीट म्हणता येईना? आणि चाललीय एम.ए. करायला!"

ती हळूच म्हणाली, "आई, मी नाही चुकले. 'न्न'ला काना आहे."

"मग घरी काय म्हणतेस रोज?"

"घरी तू म्हणतेस तसं म्हणते."

मला आधी रागच आला. पुस्तक काढलं. काना होता. ढळढळीत काना! पोरांच्या वह्यांत काना-मात्रेखाली लाल रेघा मारण्यात माझा जन्म गेला. आणि ही पोरगी दोन वर्षं, सगळं ठाऊक असून, विहारात माझ्या शेजारी बसून खड्या आवाजात चुकीचं म्हणत होती, का तर चारचौघांत आई खोटी पडू नये. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतकं प्रेमही दाटून आलं नव्हतं.

माझा चेहरा बघून ती हसवायला लागली. "अगं, अदिन्न म्हणजे न दिलेलं. आदान म्हणजे घेणं. न दिलेलं घेणार नाही, असं शील आहे. तू काना खाल्लास, त्यामुळे आदानाचं दान झालं. म्हणजे इतकी वर्षं तू शपथ घेतेयस, जे मला दिलं नाही ते मी देणार नाही!"

ती खो खो हसली. मला हसता येईना. तिच्या वयाची असताना, पुण्याला जाऊन मराठीत एम.ए. करायचं म्हणून मी चार दिवस जेवले नव्हते. वडील म्हणाले होते, डी.एड. कर, पोलादपुरात नोकरी लागेल. लागली. काही अडलं नाही, हे खरंच. पण ते चार दिवस मी विसरलेही नव्हते. मी पाला निवडायला आत गेले.

प्रवेशाचं पत्र आलं तरी मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तीही विचारेना.

पौर्णिमेला विहारात वंदना घेतली. दुसरं शील मी काना लावून, स्पष्ट म्हटलं. मागची सगळी रांग अडखळली. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, आज चुकलात काय?"

"आज नाही. इतकी वर्षं चुकत होते," मी म्हटलं. "माझ्या पोरीनं सुधारलं. तिला याच्या पुढचं शिकायला श्रीलंकेला पाठवतेय."

पोरगी माझ्या शेजारीच बसली होती. मी तिसरं शील सांगितलं. मागून सगळ्यांचा आवाज आला, तिचा आला नाही. मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चौथं मला सांगता आलं नसतं.