सबनीसांच्या गाडीची अँटेना

ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात प्रल्हाद सबनीसांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास निघत. एक म्हणजे, कोणाच्या बेसमेंटमध्ये विजेचा काही घोळ झाला तर हा माणूस न बोलावता टेस्टर घेऊन हजर होतो. आणि दुसरी, ह्या गृहस्थाने कोऱ्या करकरीत कॅमरी गाडीच्या टपाला स्वतःच्या हाताने भोक पाडलं. पहिल्या गोष्टीसाठी लोक त्यांना मानत. दुसरीवर मात्र पोटभर हसत. बायको गेली आणि बिचाऱ्याचं डोकं फिरलं, असा निकालही काहींनी देऊन टाकला होता. निकाल द्यायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही.

सबनीस मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेच्या तारऑफिसात, त्यामुळे गाडी दिसायच्या आधी गाडी कुठवर आली ते घरात ठाऊक असायचं. सत्तर साली ते शिकायला ओहायोत आले आणि पुढे तीसेक वर्षं वीज कंपनीत रिले, म्हणजे बिघाड होताच वीज तोडायला लावणारी यंत्रं, तपासत राहिले. दोन हजार एकमध्ये निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर गोल्फ तरी खेळतात, नाहीतर भजनी मंडळ तरी काढतात. ह्यांनी स्कॅनर नावाचा रेडिओ घेतला. रेल्वेचे ड्रायव्हर आणि कंट्रोलवाले एकमेकांशी काय बोलतात ते त्या रेडिओवर ऐकू येतं. शिवाय रुळाकडेला वीस-पंचवीस मैलांवर एकेक यंत्र बसवलेलं असतं. गाडी गेली की तिची चाकं तापलीत का ते तपासून ते आपणहून रेडिओवर बोलतं: अमुक मैल, दोष नाही, चाकं जोडणारे ॲक्सल एकूण इतके. ते बोललं की समजायचं, गाडी निघाली आपल्याकडे.

पण त्या यंत्राचा जोर बेताचा. साध्या अँटेनावर ते पकडता येत नाही. म्हणून सबनीसांनी जुन्या ब्युइक गाडीच्या टपावर लोहचुंबकाच्या बैठकीची अँटेना ठेवली, तिची तार दारातून आत घेतली, आणि दर गुरुवारी सकाळी स्वारी तासाभरावरच्या मेरियनला निघू लागली. तिथे दोन-तीन मार्ग एकमेकांना छेद देतात. मालगाड्यांची रीघ असते.

शेजारच्या सीटवर शरयू, त्यांची बायको. मांडीवर थर्मास, डब्यात थालीपीठ. तिला गाड्यांचं काडीचं वेड नव्हतं. लायब्ररीत पंचवीस वर्षं नोकरी केलेली बाई, पुस्तक उघडून बसायची. पण रेडिओ खरखरला की मान वर करून, नवऱ्याकडे तोंड वळवून सांगायची, "तीनशे चार ॲक्सल. दोष नाही. उत्तरेकडून येतेय."

सबनीसांना ह्याचा भयंकर राग यायचा. रेडिओ काय तुला एकटीलाच ऐकू येतो का, मी काय इथे शोभेला बसलोय, असं ते फटकन बोलायचे. ती घटकाभर गप्प बसायची. पुढची गाडी आली की परत तेच. शेवटी सबनीसांनी त्याचा विनोद करून टाकला. आमच्या गाडीत दोन स्पीकर आहेत, एक इंग्रजी आणि एक मराठी, आणि मराठीचा आवाज कमी करायचं बटण कंपनीने दिलेलं नाही, असं ते मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगत. लोक हसत. शरयूही हसायची.

दोन हजार पाचच्या जानेवारीत शरयूच्या पोटात दुखायला लागलं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. सिॲटलहून मुलगी अनया आली, महिनाभर राहिली, आणि बाबा तुम्ही तिकडेच चला म्हणून मागे लागली. सबनीस नको म्हणाले. त्यांना घर सोडवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या रिकाम्या आठवड्यात गुरुवार तेवढा त्यांना धरून उभं राहण्यासारखा वाटत होता.

एप्रिलमध्ये ते एकटेच मेरियनला गेले. फाटकाजवळ गाडी लावली, रेडिओ लावला, आणि पाच मिनिटांत बोंबलत मालगाडी समोरून गेली. न सांगता, न सवरता. रेडिओ नुसता पुटपुटला होता. दुपारपर्यंत सहा गाड्या गेल्या आणि सहाही अशाच, आगंतुक पाहुण्यासारख्या. सबनीस घरी आले ते रडकुंडीला येऊन. बायको गेली ती गेली, आता हेही गेलं की काय, ह्या विचाराने त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण माणूस इंजिनिअर. बिघाड आहे म्हणजे तो सापडणार. त्यांनी आधी तारेला धरलं. चार वर्षं दारात चिरडून ती आतून तुटली असणार. नवी तार घातली, फरक नाही. मग बैठकीखाली गंज चढलाय म्हणून बैठक बदलली. मग चार फुटी उंच अँटेना आणली, ती गॅरेजच्या दारावर आपटून वाकली. रेडिओच्या पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसत, म्हणजे लाट येत होती. सबनीसांनी पट्ट्यांनाच खोटं ठरवलं. एरवी दुसऱ्या कोणी मीटरवर अविश्वास दाखवला असता तर त्याची त्यांनी सालटी काढली असती.

उन्हाळ्यात ब्युइकने राम म्हटला. नवी गाडी घेताना सबनीसांनी विक्रेत्याला एकच अट घातली, टपाला काचेची खिडकी नको. टपाच्या बरोबर मध्यभागी भोक पाडून बसवलेली अँटेना सगळ्यांत चांगली. चहूबाजूंनी सारखा पत्रा मिळतो तिला, लोहचुंबकाची ठिगळपट्टी नव्हे.

मदतीला संजीव आला. नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला, तीन घरं पलीकडे राहणारा. शरयूच्या हातची पुरणपोळी खाल्लेला. त्याने आधी हात जोडले. म्हणाला, "काका, झिरो मायलेजची गाडी आहे यार. पुन्हा एकदा विचार करा ना."

सबनीसांचा विचार झाला होता. त्यांनी टपावर चिकटपट्टी लावली, चारी कडांपासून मोजून मध्य काढला, आतलं अस्तर हलक्या हाताने खाली ओढून संजीवला धरायला लावलं, आणि ड्रिल चालवलं. पत्र्याचा कीस ब्रशने झाडून काढला, कडेला रंग लावला, वायसर घट्ट बसवला, तार काचेकडेच्या खांबातून खाली उतरवली. अँटेनाची दांडी साडेसतरा इंचांवर कापली. इतकं नेटकं काम त्या गल्लीत कोणी केलं नसेल. मग दोघं मेरियनला गेले.

फाटकाजवळ बसून दहा मिनिटं झाली. रेडिओ पुटपुटला. सबनीसांनी आवाज वाढवला. पुन्हा पुटपुटला, त्यांनी आणखी वाढवला. संजीवने कानांवर हात ठेवले आणि आवाज थोडा कमी करू का असं विचारलं.

"कमी? शब्द तरी कळतोय का एक?"

"सगळं कळतंय काका. एकदम क्लिअर. दोनशे शहाऐंशी ॲक्सल, नो डिफेक्ट्स."

सबनीस त्याच्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने खरोखरच गाडी आली. मग त्यांनी ग्लव्ह कंपार्टमेंटमधून वही काढली, मधलं पान फाडून संजीवला दिलं आणि एक पेनही दिलं. म्हणाले, रेडिओ बोलेल तेव्हा जे ऐकू येईल ते तू लिही, मीही लिहितो, एकमेकांकडे बघायचं नाही. आयुष्यभर ते असेच रिले तपासत आले होते. एक संशयातला आणि एक खात्रीचा, शेजारी शेजारी.

दीड तासात रेडिओ अकरा वेळा बोलला. संजीवच्या कागदावर अकरा ओळी होत्या, मैलांसकट. सबनीसांच्या वहीत दोन अर्धवट आकडे आणि बाकी रेघा. त्यांनी दोन्ही कागद स्टिअरिंगवर शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. चूक अँटेनाची नव्हती, तारेची नव्हती, पट्ट्यांचीही नव्हती.

"म्हणजे मला शरयूच सांगायची," ते म्हणाले. "चार वर्षं मी रेडिओ ऐकलाच नाही. तिला ऐकलं. आणि तिला मी गप्प बस म्हणायचो रे."

संजीवने थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला. सबनीसांनी तो घेतला नाही. ते रडत होते, अगदी उघड, हुंदके देऊन, फाटकाजवळ थांबलेल्या दुसऱ्या गाडीतली माणसं बघत होती तरी. फोनवर अनया काय म्हणाली तेही शरयूच पुन्हा सांगायची. डॉक्टरकडे, दुकानात, नाटकाच्या मध्यंतरात. तिने कधी तुम्हाला ऐकू येत नाही असं म्हटलं नाही. तिला कळलं होतं की नुसती सवय होती, हे आता विचारायला जागा नव्हती. पण सबनीसांची खात्री होती. कळल्याशिवाय कोणी चार वर्षं दर गाडीला बोलणी खात नाही.

पुढच्याच आठवड्यात ते कान तपासायला गेले. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. तपासणारी मुलगी तरुण होती, हसरी, सावकाश बोलणारी. तिने आलेख दाखवला. बारीक, टोकदार आवाजांची रेघ जिन्यासारखी खाली उतरत गेली होती. हे काही आजचं नाही, सहा-सात वर्षं तरी चाललं असणार, असं ती म्हणाली. कानाला मशीन लावलं की रेडिओसुद्धा बऱ्यापैकी ऐकू येईल, असा भरवसाही तिने दिला. त्यासाठीच तर ते आले होते. पण त्यांना म्हणावा तसा आनंद झाला नाही.

मग तिने फॉर्म पुढे ओढला आणि प्रश्न विचारले. बोलणं समजायला त्रास कुठे होतो? फोनवर, टीव्हीवर, पार्टीत, रेस्टॉरंटमध्ये. सबनीसांनी सगळ्याला हो म्हटलं. आणि कोणाचं बोलणं नीट समजतं, विनासायास?

"माझ्या बायकोचं," सबनीस म्हणाले.

मुलीने ते लिहून घेतलं. म्हणाली, मग तर फारच छान. मंगळवारी मशीन बसवायचं आहे, तेव्हा त्यांना सोबत घेऊन या. ओळखीच्या आवाजावर मशीन जुळवलं की ते पटकन कानाला बसतं. त्यांना अर्धा तास जमेल ना?

सबनीसांनी टोपी उचलली, आलेखाच्या कागदाची घडी घातली.

"विचारतो तिला," ते म्हणाले.